पिशवी काढण्याआधी

अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात जाते, ‘पिशवी खराब झालीय, उद्या कॅन्सर होईल’ असं ऐकते आणि मुकादमाकडून उचल घेऊन पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची ही हकीकत २०१९ मध्ये राज्यभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकदा तो साधा जंतुसंसर्ग असतो, औषधाने बरा होतो. संशय घ्यावा तो संबंधानंतर रक्त दिसलं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा घाण वासाचा, रक्तमिश्रित स्राव थांबेना, तर. तेव्हाही आधी तपासणी, मग निर्णय. गर्भाशयमुखात कॅन्सर असलाच आणि तो न ओळखता नेहमीच्या पद्धतीने पिशवी काढली, तर ती शस्त्रक्रिया अपुरी पडते आणि पुढचे उपचार किचकट होतात. ही बाजू बायकांना कुणी सांगतच नाही.

उलट ज्यांना काहीच त्रास नाही, त्या म्हणतात, ‘मला कशाला तपासणी?’ खरी गरज त्यांनाच आहे. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो; संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला सहसा दहा-वीस वर्षं लागतात, आणि त्या काळात दुखत-खुपत काही नाही. याचा पुरावा परदेशातून आणायला नको. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या पथकांनी तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा अभ्यास केला. ज्या गटाला एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली, त्यात आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न दिलेल्या गटात ६४. हे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. तरीही त्यानंतर दहा वर्षांनी सुरू झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींची या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झालेली आढळली.

‘असले रोग वाईट चालीच्या बायकांना होतात’ हे तर निव्वळ बदनामीचं बोलणं. एचपीव्ही इतका सर्रास आहे की लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी गाठतो. एका नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तरच धोका. म्हणून एचपीव्ही ‘पॉझिटिव्ह’ आलं की कॅन्सर झाला, असंही नाही.

तपासणीचा बाऊही विनाकारण. एचपीव्हीच्या तपासणीखेरीज आणखी एक सोपी पद्धत आहे. सौम्य ॲसिटिक ॲसिड गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. कॅन्सरपूर्व डाग सापडला, तर तो बहुतेकदा गोठवून किंवा उष्णतेने तिथल्या तिथे नष्ट करता येतो. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढे दर पाच वर्षांनी ही तपासणी करायची असते.

एचपीव्हीवरच्या लशीबद्दल ‘पुढे मूल होणार नाही’ ही भीती बिनबुडाची आहे. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा हे तिचं सर्वांत योग्य वय, कारण ती विषाणू गाठण्याआधी द्यायची असते. मात्र या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के ज्या दोन प्रकारच्या एचपीव्हीमुळे होतात, त्यांच्यावर तिचा मुख्य भर आहे. त्यामुळे लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच.