देहाचा रोजमेळ

महाड-पोलादपूरच्या पेढ्यांवर दिवस मावळला की रोजमेळ लिहिला जातो. शिल्लक जुळेपर्यंत वही मिटत नाही. हेलन फील्डिंग यांच्या ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (१९९६) या विनोदी इंग्रजी कादंबरीची नायिकाही रोजमेळ लिहिते, परंतु स्वतःच्या देहाचा. वजन, कॅलरी, सिगारेटी, मद्याचे पेले. (शेवटच्या दोन नोंदी आपल्या घरांत रुचणार नाहीत, तिच्या प्रामाणिकपणाचे कौतुक मात्र करावेच लागते.)

लंडनमध्ये एकटी राहणाऱ्या तिशीतल्या ब्रिजेटला प्रत्येक समारंभात लग्नाविषयी छेडले जाते. ज्यांच्या मुलींची परिचयपत्रे उंची व वर्णाच्या रकान्यांसह पोलादपूरहून पुण्या-मुंबईस जातात, त्यांना हे लंडन दूरचे वाटू नये. वरिष्ठ सहकारी डॅनियल क्लीव्हर तिच्यावर प्रेम असल्याचे भासवतो आणि दुसऱ्याच स्त्रीशी नाते जोडतो. ती कोसळते, नोकरी सोडते, दूरचित्रवाणीत नवे काम धरते. प्रेमभंगाची कहाणी एवढीच, आणि तशी नेहमीचीच.

खरा प्रसंग त्याआधीचा आहे. अठरा वर्षे आकडेमोड केल्यावर तिला हवे असलेले वजन एकदाचे गाठते. ती आनंदाने मित्रमंडळींत जाते, तर जो तो विचारतो, बरे नाही का? एक मित्र तर सांगतो की, आधीच चांगली दिसत होतीस. अठरा वर्षांच्या खात्यात जमेस काहीच नाही! वाचक हसतो, ब्रिजेट मात्र सुन्न होते. तरीही पुढच्या पानांवर वजनाचा आकडा येतच राहतो.