टोरोंटोचा ज्यू वृद्धाश्रम : महिलांनी दारोदार फिरून उभारलेलं घर

वृद्धाश्रम म्हटलं की मुलांनी टाकून दिलेले आईवडील आठवतात. कॅनडातील टोरोंटोच्या ज्यू समाजाचा अनुभव मात्र वेगळा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून आलेली गरीब ज्यू कुटुंबं तिथे स्थिरावत होती. निराधार वृद्धांना इतर समाजांच्या आश्रमात छप्पर मिळे. पण त्यांची यिद्दिश भाषा तिथे कुणाला कळत नसे आणि धर्मनियमांनुसार शिजवलेलं 'कोशर' अन्नही मिळत नसे. म्हणून 'एझ्रास नोशेम' या महिला मंडळाने १९१३ पासून दारोदार फिरून निधी जमवला. सेसिल स्ट्रीटवर घर घेतलं आणि १९१८ मध्ये आश्रम सुरू झाला. स्वयंपाक आणि धुणंही या स्वयंसेविकाच करत. १९५४ मध्ये आश्रम बाथर्स्ट स्ट्रीटवरील मोठ्या वास्तूत गेला. आज 'बेक्रेस्ट' या नावाने तिथे रुग्णालय आणि मेंदूविषयक संशोधन केंद्रही आहे.

खाट आणि औषधाइतकीच माणसाला म्हातारपणी आपली भाषा आणि आपलं जेवण लागतं, हे त्या महिलांनी ओळखलं. मित्रांनो, आपल्या वस्तीत एकटे राहणारे वृद्ध किती आहेत, याची यादी आपल्या मंडळाकडे आहे का?