पीव्हीसी पाइपांचे रंगकाम

पीव्हीसी पाइपांचे रंगकाम म्हणजे घराच्या बाहेरील, उन्हाने विटलेल्या पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या पाइपांवर संरक्षक रंगाचा थर देणे होय. बीड हा मराठवाड्यातील अवर्षणप्रवण जिल्हा असल्याने तेथे या कामास विशेष महत्त्व आहे. गच्चीवरील टाकीपासून उघड्या भिंतीवरून आलेला पाइप तडकल्यास साठवलेले पाणी वाया जाते.

कारणे

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पीव्हीसीच्या रेणूंतून हायड्रोजन क्लोराइड सुटते. त्यामुळे पाइप पिवळसर पडतो, त्यावर खडूसारखी भुकटी येते व कालांतराने तो ठिसूळ होतो. ही झीज मंदावण्यासाठी उत्पादक पीव्हीसीमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात.

पद्धत

पाइप साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवतात. बारीक काचकागदाने हलके घासून भुकटी व चकाकी काढतात. धूळ पुसून प्लास्टिकसाठीचा प्रायमर आणि त्यावर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात देतात. तापलेल्या पाइपावर रंग नीट धरत नाही. म्हणून हिवाळा सोयीचा ठरतो. गडद रंग उष्णता शोषून घेतो आणि तापलेला पीव्हीसी वाकतो, त्यामुळे फिकट रंग निवडतात.

मर्यादा

रंगामुळे पुढील झीज मंदावते, मात्र गेलेली ताकद परत येत नाही. तडे गेलेला पाइप बदलणेच योग्य असते. गच्चीवरील प्लास्टिकच्या टाक्या बहुधा पॉलिएथिलीनच्या असतात. त्यावर रंग टिकत नसल्याने टाकीवर सावली करणे अधिक उपयुक्त ठरते.