क्रीटचे जेवण आणि आपली भाकरी

परवा एक सेवानिवृत्त गुरुजी सपत्नीक दवाखान्यात आले. गुरुजींना दहा वर्षांपासून मधुमेह व रक्तदाब आहे; गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटकाही येऊन गेला. काकूंनी पिशवीतून ऑलिव्ह तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. मुलाने पुण्याहून पाठवली होती. "डॉक्टरसाहेब, हेच तेल खायचे तर पेन्शनीत भागवायचे कसे? आणि यांनी तर भाकरीही सोडलीय." भाकरी सोडून गुरुजी चहा-बिस्किटांवर दिवस काढत होते. साखर वाढलेली आणि अंगात त्राण नाही, अशी त्यांची अवस्था झाली होती.

या तेलाची कीर्ती कुठून आली ते पाहू. अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ पासून सात देशांतील सुमारे १२,७०० पुरुषांची पाहणी केली. ग्रीसच्या क्रीट बेटावरील शेतकऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू फारच कमी आढळले, तर पूर्व फिनलंडमध्ये सर्वांत जास्त. क्रीटचे लोक ऑलिव्ह तेल भरपूर खात, हे खरे. पण त्यासोबत जाडीभरडी पाव-भाकर, कडधान्ये, फळे आणि रानातल्या पालेभाज्या असत. मांस क्वचित असे. शिवाय दिवसभर शेतात कष्ट. त्या रानभाज्यांत आपली घोळूची भाजीही आहे बरे का!

पुढे स्पेनमध्ये सुमारे ७,४०० लोकांवर मोठा प्रयोग झाला. त्यात काही चुका निघाल्याने तो तपासून २०१८ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. क्रीटच्या धर्तीच्या आहारासोबत एका गटाला ऑलिव्ह तेल दिले, दुसऱ्याला अक्रोड-बदामांसारखा सुकामेवा. दोन्ही गटांत हृदयविकार, पक्षाघात वगैरे सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसले. म्हणजे सारी जादू बाटलीत नाही, ती सगळ्या ताटात आहे.

इतर देशांकडे पाहा. मेक्सिकोत मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ हे गरिबाचे जेवण. मक्यातील प्रथिनांत जे कमी, ते घेवड्यात असते आणि घेवड्यातले उणे मका भरून काढतो. आपली ज्वारीची भाकरी व मटकीची उसळ ही तशीच जोडी आहे. जपानात मासे, सोयाबीन, भाज्या उत्तम. पण उत्तरेकडे खारवलेल्या पदार्थांमुळे पक्षाघाताचे प्रमाण फार होते. मीठ कमी करण्याच्या मोहिमेनंतर ते उतरले. आपण लोणचे-पापड वाढताना हे आठवावे. आणि फिनलंड? तिथे १९७२ मध्ये लोकांनी लोणी व मीठ कमी करून भाज्या वाढवायला सुरुवात केली. तंबाखूविरुद्धही मोहीम झाली. पुढील चार दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. सवयी बदलता येतात, याचा हा पुरावा.

गुरुजींना मी कागदावर ताट काढून दिले. अर्ध्या ताटात पालेभाजी, फळभाजी आणि काकडी, मुळा, टोमॅटोची कोशिंबीर. पाव भागात ज्वारीची किंवा बाजरीची एक-दीड भाकरी. उरलेल्या पाव भागात उसळ किंवा घट्ट वरण. खाणाऱ्यांनी मासा, अंडे. सोबत वाटीभर ताक, मीठ न घालता. जवसाची चटणी चमचाभर, मूठभर भाजलेले शेंगदाणे मधल्या वेळी, बिस्किटांऐवजी. तेल करडईचे, शेंगदाण्याचे चालेल. मात्र चौघांच्या घरात महिन्याला अडीच किलोच्या आत. मीठ माणशी दिवसाला एक चहाचा चमचा, त्यातच लोणचे-पापडाचेही धरायचे.

एक सूचना. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी भाकरी-भात एकदम कमी करू नये. साखर अचानक उतरून चक्कर येऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळी, फळे, पालेभाज्या किती घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि चांगला आहार सुरू केला म्हणून गोळ्या बंद करू नयेत.

"मग या बाटलीचे काय करू?" काकूंनी विचारले. मी म्हटले, "संपवा की! कोशिंबिरीवर चमचाभर घाला. दुसरी मात्र मागवू नका. त्या पैशांत महिनाभराची पालेभाजी येईल." गुरुजी हसले आणि म्हणाले, "म्हणजे आज भाकरी मिळणार!"