जंजिऱ्यावर मुलाने विचारलेला प्रश्न

नाताळच्या सुटीत आम्ही मालाडहून मुरूडला गेलो. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा करत दुपार झाली. राजपुरीला शिडाच्या होडीत बसलो. समोर नुसता काळा तट. दरवाजा कुठेच दिसेना. होडी अगदी जवळ जाऊन वळली, तेव्हा कुठे दोन बुरुजांमध्ये तो दिसला. हलत्या होडीतून पायरीवर पाऊल ठेवताना सासूबाईंची ‘बिस्मिल्लाह’ सगळ्या होडीला ऐकू गेली.

आत शिरताना पंजांत हत्ती धरलेले दगडी जनावर दिसते. पुढे पडका वाडा, गोड्या पाण्याचे तलाव आणि बुरुजांवरच्या तोफा: चावरी, लांडा कासम आणि सर्वांत मोठी कलालबांगडी. चारही बाजूंना खारे पाणी आणि मधोमध गोडे, याचे मुलांना फार नवल वाटले.

आम्हाला किल्ला दाखवणारा माणूस रंगात आला होता. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकायला घेतला, तरी किल्ला पडला नाही. ऐकणाऱ्यांपैकी कुणी हळहळले. माझा सातवीतला मुलगा गप्प होता. कलालबांगडीपाशी त्याने हळूच विचारले, “अम्मी, आपण कुणाच्या बाजूचे? महाराजांच्या की सिद्दीच्या?”

मी शिक्षिका, पण क्षणभर मलाही बोलता येईना. बारा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न का पडावा, हे मला चांगले ठाऊक होते.

मग तिथेच तोफेच्या सावलीत बसलो. त्याला म्हटले, आधी नाव बघ. अरबीत जझीरा म्हणजे बेट, त्याचाच झाला जंजिरा. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. कुणी खलाशी म्हणून आले, कुणी शिपाई म्हणून, कित्येकांना गुलाम म्हणून आणले गेले. त्यांच्याच वंशजांनी हा किल्ला राखला, ते थेट १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत. यातल्या याकूतखानाने १६८९ मध्ये मुंबईवर उतरून इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडले होते. आपला माझगाव तेव्हा त्याच्या ताब्यात होता.

“म्हणजे सिद्दी इंग्रजांचे दुश्मन?”

तसेही नाही. त्याच्या दहाच वर्षे आधी, १६७९ मध्ये, महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा सिद्दी आणि इंग्रज एकत्र येऊन त्यांच्याशी लढले. आणि महाराजांच्या बाजूने लढत होते मायनाक भंडारी आणि दौलतखान. दौलतखान महाराजांच्या आरमाराचा मोठा सरदार. भांडण समुद्र कुणाचा याचे होते, बेटा. नमाज कोण पढतो आणि पूजा कोण करतो, यावरून त्या गलबतांची वाटणी झालेली नव्हती.

त्याने दौलतखानाचे नाव दोनदा विचारून घेतले.

परत निघताना तटावर कोरलेली नावे दिसली: बदामाचे चित्र, त्यात दोन नावे. माझा भाचा नोकरीनिमित्त जपानला आहे. त्याने हिमेजीच्या किल्ल्याचे फोटो पाठवले होते, त्यात त्याच्या हातात बुटांची पिशवी! तिथे आत लाकडी जमीन आहे, म्हणून बूट काढूनच जायचे. जपानमध्ये असे मूळ मनोरे जेमतेम बाराच उरलेत. ओसाकाचा तर १९३१ मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेला आहे. आपल्याकडे अस्सल दगड उभा आहे आणि आपण त्यावर खिळ्याने नाव लिहितो. आपलीही मुले त्यात असतात, हे कबूल करायला हवे.

संध्याकाळी राजपुरीजवळच्या खोकरीला गेलो. तिथे तीन घुमट आहेत. सर्वांत मोठा सिरूलखानाचा, शेजारी याकूतखान आणि खैरियतखान यांचे. जाळीचे दगडी काम पाहण्यासारखे आहे, पण जंजिऱ्याला येणारे बरेच जण इथे फिरकत नाहीत. आम्ही फातिहा पढलो. मुंबईला वेढा घालणारा याकूतखान तो हाच का, हे मुलाने पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

जायचे असेल तर पावसाळा टाळा. त्या दिवसांत होड्या बंद असतात. खांदेरी आता युनेस्कोच्या यादीत आहे, २०२५ मध्ये महाराजांच्या इतर किल्ल्यांबरोबर त्याचे नाव लागले. दिवाळीच्या सुटीत तिकडे जायचा मुलाचा हट्ट आहे. सासूबाई म्हणतात, “तुम्ही जा, मी थळच्या किनाऱ्यावर बसते.”