दोन कॅलेंडरांमधला दुभाषी

रात्री बारापासून उपाशी राहून रुग्ण सकाळी आठला सोनोग्राफीसाठी हजर होतो आणि खिडकीवर त्याला कळते, की त्याची वेळ कालच बदलली. 'आम्ही कळवलं होतं,' असे इकडचे कर्मचारी सांगतात. 'आमच्याकडे काही आलं नाही,' असे तिकडचे म्हणतात. बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. निरोप निघालेला असतो, पण मध्येच कुठेतरी अडकलेला असतो. रुग्ण मधुमेहाचा असेल आणि त्याने गोळी घेऊन किंवा इन्सुलिन टोचून उपास काढला असेल, तर हा केवळ मनस्ताप उरत नाही. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आता बऱ्याच रुग्णालयांत, महाविद्यालयांत आणि कार्यालयांत ई-मेल आणि कॅलेंडर संगणकावर असते. अडचण अशी, की सगळ्यांची प्रणाली एक नसते. लोटस नोट्स 1989 साली आले, मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज 1996 साली. पुढे दोन संस्था एकत्र आल्या किंवा दोन विभागांना मिळून काम करावे लागले, की एकाकडे एक आणि दुसऱ्याकडे दुसरी प्रणाली, असा प्रसंग जगभर येत राहिला. सगळ्यांना एका दिवसात एकाच प्रणालीवर आणणे खर्चाचे आणि त्रासाचे. म्हणून दोन्हींच्या मध्ये एक दुभाषी बसवतात. त्यालाच गेटवे म्हणतात.

साध्या पत्राचे भाषांतर सोपे असते. ई-मेल पोहोचवण्याचे एसएमटीपी नावाचे सामाईक नियम 1982 सालीच ठरले आहेत. कॅलेंडरचे तसे नाही. पत्र एकदा पोहोचले की काम संपते, पण भेटीची वेळ ही जिवंत नोंद असते. ती पुढे ढकलली जाते, रद्द होते, दर सोमवारी पुन्हा येते आणि एखाद्या सोमवारी सुट्टीमुळे येत नाही.

त्यासाठी 1998 साली आय-कॅलेंडर हे मानक आले. त्यात प्रत्येक भेटीला एक कायमचा ओळख क्रमांक असतो. वेळ बदलली तरी तो क्रमांक तोच राहतो, फक्त आवृत्तीचा आकडा वाढतो. त्यावरून समोरची प्रणाली ओळखते, की ही नवी भेट नसून जुनीच बदललेली आहे. गेटवेने भाषांतर करताना हा क्रमांक हरवला किंवा नवा दिला, तर जुनी नोंद तशीच राहते आणि तिच्या शेजारी दुसरी उभी राहते. भेट रद्द केल्याचा निरोप आला, तरी कोणती भेट पुसायची हे त्याला कळत नाही. सुरुवातीला सांगितलेला रुग्ण उपाशी राहतो तो अशा कारणाने.

दुसरा घोळ घड्याळाचा. लंडनमधल्या तज्ज्ञाबरोबर दर आठवड्याला दूरस्थ चर्चा ठरली असेल, तर हिवाळ्यात दोन घड्याळांत साडेपाच तासांचे अंतर असते आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचे. गेटवेने नुसता 'चार वाजता' एवढाच मजकूर पुढे पाठवला आणि कुठले चार हे सांगितले नाही, तर वर्षातून दोनदा एक बाजू तासभर ताटकळते.

तिसरा घोळ अधिक नाजूक आहे. नोंद 'खासगी' असल्याची खूण असते, आणि ती भाषांतरात गळू शकते. एखाद्या कर्मचाऱ्याने मनोविकार विभागातली आपली वेळ कॅलेंडरवर टाकली असेल, तर सहकाऱ्यांना 'व्यग्र' एवढेच दिसायला हवे. खूण गळली, तर सगळेच दिसते. उपचार घ्यायला आधीच कचरणाऱ्या माणसाला एवढे कारण पुरेसे होते.

रुग्णांच्या नोंदींचेही हेच आहे. रुग्णालयातल्या प्रणालींनी एकमेकींशी कसे बोलावे, याचे नियम ठरवण्याचे काम एचएल-7 या संस्थेने 1987 पासून केले. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 14 अंकी आभा क्रमांक आहे. एकाच नावाच्या दोन रुग्णांची गल्लत टाळायला त्याची मदत होते. तरीही निरोप पोहोचला म्हणजे अर्थ पोहोचला, असे होत नाही. आपली प्रयोगशाळा रक्तशर्करा मिलिग्रॅममध्ये सांगते, ब्रिटनमधली मिलिमोलमध्ये. तिकडचे 7 म्हणजे इकडचे 126. एककाशिवाय नुसता '7' पुढे गेला, तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

म्हणून गेटवे बसवणाऱ्यांनी 'मेल गेली' एवढ्यावर समाधान मानू नये. भेट ठरवून पाहावी, ढकलून पाहावी, रद्द करून पाहावी, दर आठवड्याच्या भेटींतली एकच वगळून पाहावी, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूला काय दिसते ते तपासावे. अडकलेल्या निरोपांची यादी रोज कोण बघणार, हे नावानिशी ठरवावे. यादी सगळ्यांची असली, की ती कोणीच बघत नाही.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी करण्यासारख्या गोष्टी अशा :

• उपाशीपोटी तपासणी किंवा शस्त्रक्रिया असेल, तर आदल्या दिवशी दुपारीच फोन करून वेळ पक्की करा.
• मधुमेहाची औषधे उपासाच्या दिवशी कशी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारा. स्वतःच्या मनाने ठरवू नका.
• एकाच तपासणीच्या दोन वेळा मोबाइलवर दिसल्या, तर नंतरची खरी असेल असे गृहीत धरू नका. विचारा.
• दुसऱ्या रुग्णालयात जाताना कागदी अहवाल, चालू औषधांची चिठ्ठी आणि औषधाची ॲलर्जी असल्यास तिची नोंद सोबत ठेवा.

दुभाषी कितीही चांगला असला, तरी महत्त्वाची गोष्ट त्याच्याकडून एकदा वदवून घेतलेली बरी. विशेषतः माणूस उपाशी बसणार असेल तेव्हा.