दप्तर वाळल्या पानांचं – भाग 6 : गिरसप्प्याचं गवत

गेल्या आठवड्यात आपण नमुना दाबला, वाळवला आणि कागदावर चढवला. पावसाळ्यात रोजच्या रोज रद्दी बदलली नाही तर बुरशी कशी धरते, हेही पाहिलं. आता तो 42 बाय 28 सेंटिमीटरचा जाड कागद हर्बेरियमच्या कपाटात गेला आहे. पुढे काय होतं? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. डांबरगोळ्यांच्या वासात तो तसाच पडून राहतो. कधी दहा वर्षं, कधी पन्नास.

1919 साली गिरसप्प्याच्या धबधब्यापाशी गोळा केलेल्या एका गवताचं असंच झालं. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. एल. जे. सेजविक हे आयसीएस अधिकारी आणि टी. आर. डी. बेल हे जंगल खात्यातले. बेल यांची खरी ओळख फुलपाखरं आणि पतंगांचे अभ्यासक म्हणून. कारवारला मुक्काम ठोकून त्यांनी त्यातच आयुष्य घालवलं. दोघेही वनस्पतिशास्त्राच्या पगारावर नव्हते. सरकारी काम सांभाळून झाडं गोळा करायची, नंबर घालायचे, ठिकाण आणि तारीख लिहायची, हा त्यांचा शिरस्ता. धबधब्याच्या तुषारांनी सतत भिजलेल्या कड्यावर वाढणारं एक नाजूक गवत त्यांनी उचललं. ते नेमकं कोणतं, हे मात्र पुढची तीस-बत्तीस वर्षं कुणालाच सांगता आलं नाही.

ते सांगितलं नॉर्मन बोर यांनी. बोर मूळचे आयर्लंडचे, हिंदुस्थानच्या वनसेवेत नोकरी केलेले आणि पुढे लंडनच्या क्यू उद्यानात गेलेले. गवतांवरचा त्यांचा शब्द त्या काळी शेवटचा मानला जाई. हे गवत नुसती नवी जात नाही, तर अख्खी नवी प्रजाती आहे, असं त्यांनी 1951 साली मांडलं. क्यूमधलेच गवतांचे पंडित सी. ई. हबार्ड यांच्यावरून तिचं नाव ठेवलं हबार्डिया, आणि गवताचं पूर्ण नाव झालं हबार्डिया हेप्टान्यूरॉन.

तीस वर्षं म्हणजे दिरंगाईची हद्द, असं वाटेल. तसं नाही. हर्बेरियममधून किती नव्या जाती निघतात याचा एक हिशेब 2010 साली प्रसिद्ध झाला. नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांच्या आत नाव मिळालेल्या जाती जेमतेम 16 टक्के भरल्या. साधारण एक चतुर्थांश नव्या जातींच्या बाबतीत 50 वर्षांहून जुने नमुने वापरावे लागले होते. अजून नाव न मिळालेल्या फुलझाडांपैकी निम्म्याहून अधिक आधीच कुठल्या ना कुठल्या कपाटात येऊन पडलेली असावीत, असा त्या अभ्यासकांचा अंदाज आहे. रुमालात बांधलेली मोडी कागदपत्रं वाचणाऱ्याची वाट पाहत पडून असतात, तसंच हे.

आणि गवत वाचणारे मोजकेच. त्याला कारण आहे. गवताचं फूल म्हणजे तुसांच्या आत दडलेला, डोळ्यांना धड न दिसणारा प्रकार. वाळल्यावर तर ते पार चिकटून बसतं. मग करायचं काय? कागदावरून एकच कणिशक चिमट्यानं अलगद सोडवायचं आणि परीक्षानळीत थोड्या पाण्यात उकळायचं. मिनिटा-दोन मिनिटांत ते फुगतं, मऊ पडतं. मग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शीखाली सुईनं एकेक तूस बाजूला करायचं. शिरा मोजायच्या, पुंकेसर मोजायचे. शंभर वर्षांपूर्वी वाळलेलं फूल पुन्हा उघडलेलं पाहण्यात जो आनंद आहे, तो या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. काम झालं की ते तुकडे फेकायचे नाहीत. कागदाच्या लहान पुडीत घालून पुडी त्याच कागदावर चिकटवायची. पुढच्या माणसाला दुसरं कणिशक तोडावं लागू नये, म्हणून.

गिरसप्प्याच्या गवताला नाव मिळालं, पण गवत हातातून निसटत होतं. 1964 साली, हा धबधबा ज्या नदीचा त्या शरावतीवर, लिंगनमक्कीचं धरण झालं. धबधब्याचं बारमाही पाणी अडलं, तसे तुषारही ओसरले. मूळ जागी ते पुन्हा दिसेना आणि नामशेष झालेल्या वनस्पतींत त्याची गणना होऊ लागली. इथे थोडं थांबू या. सेजविक आणि बेल यांनी तो कागद केला नसता तर हे गवत गेलं, हेही आपल्याला कळलं नसतं. ज्याची नोंदच नाही, त्याचं सुतक कोण पाळणार?

सुदैवानं गोष्ट तिथे संपली नाही. या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी विद्यापीठातले प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे गवत कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला, तिलारी घाटात सापडलं. आता, घाटातल्या ओल्या कड्यावर एक नाजूक गवत दिसलं, तर ते तेच, असं ठरवायचं कशावरून? आधी मूळ वर्णनावरून. आणि वर्णनातल्या एखाद्या शब्दाबद्दल शंका आली, तर ज्या नमुन्यावरून ते वर्णन लिहिलं त्या नमुन्यावरून. याला प्ररूप म्हणतात, इंग्रजीतून आलेला बोलीतला शब्द ‘टाइप’. वनस्पतीचं नाव अखेर त्या एका नमुन्याला बांधलेलं असतं. मोजमाप किती बारकाईनं करावं लागतं याचा पुरावाही तिलारीनंच दिला: तिथेच 2012 साली याच प्रजातीतली दुसरी जात नोंदली गेली, हबार्डिया डायअँड्रा. गवतांत सहसा तीन पुंकेसर असतात, हिला दोनच.

नमुन्याइतकंच मोल त्याच्या लेबलचं. उजव्या कोपऱ्यातल्या त्या चिठ्ठीत ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा अनुक्रमांक हवा. फुलाचा रंग हवा, कारण वाळल्यावर जांभळं काय नि निळं काय, सगळं तपकिरीच. बीएस्सीला बॉटनी घेतलेल्यांना इथे हसू येईल. सीनियरचं हर्बेरियम विकत किंवा उसनं घ्यायचं, लेबलं तेवढी बदलायची आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ‘सिंहगड पायथा’ असं सगळ्यांवर ठोकून द्यायचं, ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मार्कांपुरतं ते खपतं. पण असा खोटा कागद खऱ्या कपाटात शिरला तर तो कोऱ्या कागदाहून वाईट. कोरा कागद निदान दिशाभूल तरी करत नाही.

लेबल खरं असलं, की गोळा करणाऱ्याच्या स्वप्नातही नसलेलं काही त्या पानातून काढता येतं. एफ. आय. वुडवर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1987 साली हर्बेरियममधली 200 वर्षांच्या काळात गोळा झालेली पानं घेतली आणि त्यांवरची पर्णरंध्रं मोजली. समशीतोष्ण प्रदेशातल्या 8 वृक्षजाती होत्या. दोनशे वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली निघाली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तसं कमी छिद्रांत झाडाचं भागू लागलं. तेवढंच पाणीही वाचलं. कारखान्यांचा धूर हवेत कालवला जायच्या आधीचं पान हातात असणं, ही साधी गोष्ट नाही. आणि त्यावर तारीख नसती, तर ते कवडीमोलाचं ठरलं असतं.

बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा आपल्याकडच्या बटाटा लावणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. 1845 पासून आयर्लंडमध्ये त्यानं हाहाकार केला. सुमारे दहा लाख माणसं दगावली. त्या काळी कुणीतरी करपलेली बटाट्याची पानंही वाळवून ठेवली होती. निरोगी, देखणं झुडूप सोडून सडकं पान कपाटात ठेवणाऱ्याचं मला फार कौतुक वाटतं. क्यू आणि म्युनिकच्या संग्रहातल्या अशा पानांतून त्या बुरशीसारख्या जीवाचा डीएनए काढला गेला. 2013 साली निष्कर्ष आला: विसाव्या शतकात जगभर पसरलेला वाण आणि दुष्काळ आणणारा वाण जवळचे नातलग, पण एकच नव्हेत. त्या जुन्या वाणाला नाव मिळालं ‘हर्ब-1’, कारण तो हर्बेरियममध्ये सापडला.

एवढं सगळं ज्या कागदावर टिकून आहे, तो किडीला, ओलीला आणि आगीला भितो. दुसऱ्या महायुद्धात आगीनं दोन तऱ्हा दाखवल्या. 1940 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमवर बॉम्ब पडले. आग विझवताना मारलेलं पाणी नमुन्यांवर गेलं आणि शिरीषाच्या जातभाईच्या, चीनमधून 1793 साली आणलेल्या बियांना चक्क कोंब फुटले! 147 वर्षं वाळलेल्या बिया होत्या त्या. बर्लिनला असा चमत्कार झाला नाही. 1 मार्च 1943 च्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात तिथलं हर्बेरियम पेटलं. सुमारे 40 लाख नमुन्यांपैकी बहुतेक गेले, त्यांत हजारो प्ररूपं होती.

थोडंफार वाचलं ते शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या जे. फ्रान्सिस मॅकब्राइड यांच्यामुळे. 1929 पासून दहा वर्षं ते बर्लिनसह युरोपातल्या हर्बेरियममधून हिंडत प्ररूपांचे फोटो काढत होते. मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतींचे, 40 हजारांहून अधिक. युद्धाचा अंदाज घेऊन नव्हे. अमेरिकेतल्या अभ्यासकांना दर वेळी युरोप गाठायला नको, एवढ्याच हिशेबानं. आज बर्लिनच्या कित्येक प्ररूपांचा तेवढाच चेहरा शिल्लक आहे. पण फोटोतलं फूल पाण्यात उकळता येत नाही, त्याची रंध्रं मोजता येत नाहीत. म्हणून अशा नावांसाठी शोधाशोध होते ती जोडनमुन्यांची. गोळा करणारे एकाच झाडाच्या चार-पाच फांद्या एकाच क्रमांकानं वाळवत आणि एकेक वेगळ्या गावी धाडत. बर्लिनचा कागद जळाला, तरी त्याच क्रमांकाचा भाऊबंद जिनिव्हात किंवा पॅरिसमध्ये निघतो, आणि नियमानुसार त्यालाच प्ररूपाच्या जागी बसवतात.

(पुढच्या भागात : किडीपासून वाचवण्यासाठी या कागदांना लावलेला पारा, आणि ते हाताळणाऱ्यांची बोटं.)